मोजमाप हाउन्सलोचं

१७८४ च्या उन्हाळ्यात जनरल विल्यम रॉय यांनी लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलोच्या माळावर एक सरळ रेघ मोजायला घेतली. आज जिथे हीथ्रोची उत्तरेकडची हद्द आहे, तिथल्या किंग्ज आर्बरपासून हॅनवर्थवरून थेट हॅम्प्टनपर्यंत. ग्रिनिच वेधशाळेचे अक्षांश-रेखांश बरोबर आहेत का, अशी शंका फ्रान्सच्या कासिनी यांनी काढली होती. ग्रिनिच आणि पॅरिस त्रिकोणांच्या साखळीनं जोडल्याशिवाय तिचं निरसन होणार नव्हतं, आणि अशी साखळी घालायची तर त्रिकोणाची एक बाजू तरी प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते. रॉय यांनी त्यासाठी आधी लाकडी दांडे वापरले. हवा दमट होती. दांडे फुगले आणि त्यांची लांबी भरवशाची राहिली नाही. मग वीस-वीस फुटांच्या काचेच्या नळ्या करवून माप पुन्हा घेतलं. उत्तर आलं सुमारे २७,४०४ फूट, म्हणजे पाच मैलांहून थोडं अधिक. रॉय गेल्यावर, १७९१ मध्ये, पोलादी साखळीनं तीच रेषा पुन्हा मोजली तेव्हा फरक पडला तो काही इंचांचा.

ही पद्धत पुढे हिंदुस्थानात आली. विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला आपली आधाररेषा मोजायला सुरुवात केली आणि पुढची वीस वर्षं ते त्रिकोण घालत राहिले. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे.

रॉय यांचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं कथन. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७८५ मध्ये त्यांनी या मोजणीचा वृत्तांत छापला, आणि त्यात लाकडी दांडे का सोडावे लागले हेही सविस्तर सांगितलं. आपलं माप कुठे चुकू शकतं हे मापासोबतच लिहून ठेवायचं, ही विद्यापीठीय संशोधनाची खरी शिस्त. या पुस्तकातले लेख वाचताना वाचकानं तिच्यावरच नजर ठेवावी अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा इथे जमीन मोजली गेली. गेल्या चाळीस वर्षांत इथली माणसं मोजली गेली आहेत. हाउन्सलो बरोची वस्ती २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ८८ हजार. तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग आशियाई वंशाचा. पश्चिमेला जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, उत्तरेला लागून साउथॉल, आणि तासाभराच्या अंतरावर इम्पीरियल, युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज, क्वीन मेरी ही विद्यापीठं. आवाज, रक्तदाब, मधुमेह, मुलांचं वाचन, बोलण्याची ढब अशा कितीतरी विषयांवर संशोधकांना हवी ती परिस्थिती एकाच ठिकाणी जमून आली. इथल्या लोकांनी दंडाला पट्टा बांधून घेतला, रक्त दिलं, प्रश्नावल्या भरल्या, आपलं बोलणं ध्वनिमुद्रित करू दिलं. त्यातून निघालेलं ज्ञान मात्र इंग्रजी नियतकालिकांत राहिलं. ज्यांच्या शरीरावर ते उभं आहे त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत ते आलं नाही. पुढचे लेख त्यासाठी लिहवून घेतले आहेत.

सुरुवात आवाजापासून केली आहे, कारण तो इथे कुणालाच टाळता येत नाही. वारा पश्चिमेचा असला, आणि लंडनमध्ये तो बहुतेक वेळा तसाच असतो, की उतरणारी विमानं हाउन्सलोच्या छपरांवरून जातात. दुपारी तीन वाजता उतरायची धावपट्टी बदलते, म्हणून एका आळीला सकाळी शांतता तर दुसरीला संध्याकाळी. वर्षाला विमानांच्या जास्तीत जास्त ४ लाख ८० हजार फेऱ्यांची परवानगी आहे. पहाटे पाचच्या आधी पहिलं विमान येतं. वर्गात शिक्षिका वाक्य अर्ध्यावर थांबवते, विमान जाऊ देते आणि पुढे बोलू लागते. मुलांना त्याचं काही वाटत नाही, इतकं ते सवयीचं झालेलं असतं. सवय झाली म्हणजे परिणाम संपला का, हा प्रश्न क्वीन मेरी विद्यापीठाच्या स्टीफन स्टॅन्सफेल्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला.

त्यांचा गाजलेला अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हीथ्रो, अॅमस्टरडॅमचा स्किपोल आणि माद्रिदचा बाराहास या तीन विमानतळांभोवतालच्या ८९ शाळांतली नऊ-दहा वर्षांची २,८४४ मुलं त्यात होती. विमानांचा आवाज जसा वाढत जातो तशी वाचून समजण्याची क्षमता उतरत जाते, असं दिसलं. ब्रिटनमध्ये आवाज ५ डेसिबलनं वाढला तर मुलं वाचनात दोन महिन्यांपर्यंत मागे पडत होती. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, वर्गाच्या खिडक्या-भिंतींची आवाजरोधक व्यवस्था हे सगळं हिशोबात धरूनही संबंध टिकला. लक्ष एकाग्र करण्यावर किंवा मानसिक आरोग्यावर मात्र परिणाम सापडला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापलं.

याच गटातल्या संशोधकांचा २००२ चा एक निबंध कमी लोकांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते तो आधी वाचायला हवा. हीथ्रोभोवतालच्या १२३ शाळांमधल्या अकरा वर्षांच्या सुमारे ११ हजार मुलांचे राष्ट्रीय चाचण्यांतले गुण त्यांनी तपासले. जास्त आवाजाच्या शाळांत वाचन आणि गणित दोन्ही कच्चं होतं. पण शाळेतल्या किती मुलांना मोफत जेवण मिळतं, म्हणजे घरची गरिबी किती, हे हिशोबात घेतल्यावर तो संबंध संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. विमानांच्या वाटेखाली घरं स्वस्त असतात, स्वस्त घरांत गरीब कुटुंबं राहतात, आणि गरिबीचा परिणाम मुलाच्या अभ्यासावर वेगळा होतोच. रॉय यांच्या लाकडी दांड्याला दमट हवा जशी, तशी या विषयाला गरिबी. ती वेगळी काढल्याशिवाय आवाजाचं माप हाती लागत नाही.

ती वेगळी काढायची संधी म्युनिकमध्ये मिळाली. १९९२ मध्ये तिथला विमानतळ शहराजवळून हलवून दूर नेला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना हलवण्याआधी आणि नंतर तपासलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं घसरलं. मुलं तीच, घरं तीच, बदलला तो फक्त आवाज. हीथ्रोच्या निष्कर्षाला यापेक्षा भक्कम आधार मिळणं अवघड आहे. उलट, हीथ्रोजवळच्या काही मुलांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा वाचनातला फरक छातीठोकपणे सांगण्याइतका स्पष्ट उरला नव्हता. म्हणजे परिणाम खरा आहे, तो किती टिकतो हा प्रश्न अजून उघडा आहे. आमच्या लेखकांनी तो उघडाच ठेवला, याचा मला आनंद आहे. काही शाळांनी आपल्यापुरता उपाय केला. हाउन्सलो हीथ शिशुशाळेच्या आवारात मातीच्या पिशव्या रचून केलेले जाड भिंतींचे घुमट उभे राहिले. मूळ कल्पना इराणी वास्तुतज्ज्ञ नादर खलिली यांची. तिथे बसून बाई गोष्ट सांगू लागल्या तर ती मध्ये तुटत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत पुरावा रात्रीचा आहे. हीथ्रोसह चार युरोपीय विमानतळांजवळच्या १४० लोकांच्या घरी संशोधकांनी रक्तदाबाचं यंत्र लावलं. ते रात्रभर दर पंधरा मिनिटांनी माप घेत होतं, आणि खोलीतला आवाजही नोंदवला जात होता. विमान गेलं की झोपलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी चढत होता. त्यासाठी माणसाला जाग येण्याचीही गरज नव्हती. हा २००८ मधला निष्कर्ष. त्याच प्रकल्पात सहा विमानतळांजवळच्या ४,८६१ लोकांच्या पाहणीत, रात्रीचा विमानांचा आवाज १० डेसिबलनं वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता १४ टक्क्यांनी वाढते असं आढळलं. २०१३ मध्ये इम्पीरियल कॉलेजच्या अॅना हॅन्सेल आणि सहकाऱ्यांनी हीथ्रोभोवतालच्या ३६ लाख लोकवस्तीच्या नोंदी तपासल्या. सर्वांत गोंगाटाच्या भागात पक्षाघातासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण शांत भागापेक्षा २४ टक्के अधिक, हृदयविकारासाठी २१ टक्के अधिक. २०२५ च्या जानेवारीत युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटानं हीथ्रोसह चार ब्रिटिश विमानतळांजवळच्या ३,६३५ लोकांच्या हृदयाची एमआरआय चित्रं पाहिली, आणि जास्त आवाजात राहणाऱ्यांच्या हृदयाचे स्नायू अधिक जाड व ताठर असल्याचं नोंदवलं.

हॅन्सेल यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मराठी वाचकानं विशेष लक्षात घ्यावी. कोण किती धूम्रपान करतं हे व्यक्तीगणिक ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्या भागातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू मोजून अंदाज बांधला. आणि वस्तीत दक्षिण आशियाई लोक किती, हेही हिशोबात घ्यावं लागलं. का? कारण आपल्या लोकांना हृदयविकार आणि मधुमेह तसाही अधिक होतो, आणि हीथ्रोच्या पूर्वेला आपण दाटीनं राहतो. इथे आवाजाचा विषय संपून आपल्या शरीराचा सुरू होतो.

त्या शरीराची गोष्ट साउथॉलमध्ये १९८४ मध्ये सुरू झाली. ह्यू मॅथर आणि हॅरी कीन यांनी मधुमेहाची पाहणी केली, तेव्हा आशियाई लोकांत निदान झालेला मधुमेह युरोपियनांच्या जवळजवळ चौपट निघाला. १९९१ मध्ये पॉल मॅकीग यांनी 'लॅन्सेट'मध्ये कारणाकडे बोट दाखवलं: वजनापेक्षा पोटावरची चरबी, आणि इन्शुलिनला शरीरानं दाद न देणं. त्याच लोकांचा मागोवा पुढे वीस वर्षं घेतला गेला. ऐंशी वर्षांपर्यंत जगणाऱ्या दक्षिण आशियाई माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधुमेह गाठतो, युरोपियनांत पाचातल्या एकाला. २०२१ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या रिशी कालेयाचेट्टी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या १४ लाखांहून अधिक लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून दाखवलं की गोऱ्या माणसाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० असताना मधुमेहाचा जितका धोका, तितका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच असतो. ज्याला घरचे 'बेताचा' म्हणतात, कदाचित 'जरा खात जा रे' असंही म्हणतात, तो माणूस धोक्याच्या रेषेवर असू शकतो.

या कोड्याची दुसरी बाजू पुण्यात उलगडली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गर्भारपणापासून अभ्यास केला. त्यात इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. खेड्यातलं बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्या बाजूंनी लहान. स्नायू कमी, पोट लहान. मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. म्हणजे जे आपण चाळिशीतल्या ढेरीचं दुखणं समजतो त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. २००८ मध्ये याच गटानं आणखी एक धागा दाखवला: ज्या आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. आपल्या शाकाहारी घरांसाठी याहून जवळचा निष्कर्ष कोणता असेल?

२००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर छापला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्या एका फोटोनं जे पटवलं ते पटवायला एरवी कितीतरी तक्ते लागले असते.

या सगळ्यातही एक दांडा फुगलेला आहे, आणि तो आपणच दाखवून द्यायला हवा. 'दक्षिण आशियाई' हा संशोधकांनी आपल्या सोयीसाठी पाडलेला खण आहे. त्यात पंजाबी शीख, गुजराती, तमिळ, बंगाली, श्रीलंकेचे, सगळे एकत्र. साउथॉलच्या अभ्यासांत बहुसंख्य लोक पंजाबी आहेत. त्यांचं जेवण, उंची, स्थलांतराचा काळ आपल्यापेक्षा वेगळा. मराठी कुटुंबं इथे मुख्यतः गेल्या काही दशकांत, बरीचशी संगणकाच्या नोकऱ्यांमुळे आली. त्या काळच्या पाहण्यांत ती जवळजवळ नाहीतच. म्हणून साउथॉलचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावणं धाडसाचं आहे. त्यातल्या त्यात पुण्याचा पुरावा आपल्या रक्तामांसाच्या अधिक जवळचा, आणि तो लंडनच्या पुराव्याशी जुळतो, यातच त्याचं बळ आहे. मराठी माणसांचा वेगळा अभ्यास इथे व्हावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पाहणीचं पत्र घरी आलं की ते बाजूला न टाकता भरून द्यावं लागेल.

भाषेवरचा विभाग या पुस्तकात छोटा आहे, पण तो गाळू नये असा माझा आग्रह होता. क्वीन मेरीच्याच देवयानी शर्मा यांनी साउथॉलमधल्या लोकांचं इंग्रजी बोलणं अभ्यासलं. २०११ चा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. एकच माणूस कुणाशी बोलतोय त्यानुसार कसा बोलतो हे समजावं म्हणून त्यांनी काही जणांना दिवसभरातलं आपलं संभाषण स्वतःच मुद्रित करायला दिलं. इथेच जन्मलेल्या पुरुषांपैकी थोरल्या पिढीत तफावत फार मोठी निघाली: गोऱ्या माणसाशी पक्का लंडनी उच्चार, आपल्या माणसाशी 'ट' थेट टाळूला लागणारा. त्यानंतरच्या पिढीत हे दोन टोकाचे सूर एकमेकांत मिसळून एकच ढब झाली होती. बायकांच्या बाबतीत चित्र वेगळं होतं. शर्मा यांचं स्पष्टीकरण इतिहासातून येतं. थोरली पिढी वाढली तो काळ उघड वंशद्वेषाचा होता. १९७९ मध्ये साउथॉलला नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. त्या वातावरणात दोन वेगळ्या जगांत दोन वेगळी माणसं होऊन वावरावं लागे. धाकट्यांच्या वेळी आजूबाजूला आपलीच वस्ती होती, तितकी गरज उरली नव्हती. उच्चाराची मापं घेणारं हे शास्त्र, पण रस्त्यावर काय घडलं हे ठाऊक नसेल तर त्या मापांचा अर्थ लागत नाही. विज्ञान आणि मानव्यविद्या यांना एका पुस्तकात का आणलं, असं मला विचारलं गेलं होतं. माझं उत्तर हा निबंध आहे. आपल्या घरांत शनिवारच्या मराठी शाळेला जाणारी मुलं 'ट' कशी उच्चारतात, आजीशी आणि मित्राशी कशी बोलतात, यावर असंच काम होऊ शकेल. एखाद्या मराठी विद्यार्थिनीनं ते पीएचडीला घ्यावं.

मराठीत शास्त्र सांगण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' मासिक १८४० मध्ये निघालं, 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. त्यांच्या वेळी मूळ निबंध हाती येणंच दुरापास्त होतं. आज ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन-निधीतून झालेल्या कामाचे निबंध एप्रिल २०२२ पासून प्रसिद्ध होताक्षणी सर्वांना मोफत खुले करावे लागतात, आणि भारतातले प्रबंध 'शोधगंगा'वर वाचता येतात. हाउन्सलोतल्या आणि हिंगणघाटातल्या वाचकाला आता एकच निबंध एकाच दिवशी उघडता येतो. अडचण उरली ती भाषेची आणि सवयीची. आमच्या लेखकांनी म्हणूनच निकालाबरोबर पद्धतही सांगितली आहे: किती माणसं, कोण माणसं, काय मोजलं, कशानं मोजलं, आणि लेखकांनी स्वतः कुठे शंका नोंदवली. काही ठिकाणी मजकूर जड झाला आहे. तो सोपा करायच्या नादात खोटा होऊ नये, म्हणून तसाच राहू दिला.

पुस्तक कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. फक्त ज्यांच्या घरी चाळिशी ओलांडलेलं कुणी आहे, त्यांनी मधुमेहाचे लेख आधी वाचावेत. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. फितीनं तो आजच घरी मोजता येईल. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून मधुमेह, हृदयविकार यांसारखा आजार नसलेल्या माणसाला दर पाच वर्षांनी एनएचएसची आरोग्य तपासणी मोफत मिळते. तिचं पत्र आलं नसेल, तर ते येण्याची वाट न पाहता जीपीच्या दवाखान्यात फोन करून वेळ मागून घ्या.